धनंजयराव गाडगीळ : पाटाच्या पाण्यापासून योजना भवनापर्यंत

गाडगीळ या आडनावाने मराठी वाचकाचा अनेकदा गोंधळ उडवला आहे. केंद्रात मंत्री आणि पुढे पंजाबचे राज्यपाल झालेले काकासाहेब गाडगीळ एक. मराठी नवकथेचे अध्वर्यू आणि पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले गंगाधर गाडगीळ दुसरे. तिसरे धनंजय रामचंद्र गाडगीळ. राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साह्याच्या बातम्यांतून ‘गाडगीळ सूत्र’ हा शब्दप्रयोग चार दशकांहून अधिक काळ वाचनात येत राहिला, तो या तिसऱ्या गाडगीळांचा. मात्र ते सूत्र त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या टप्प्यातले. त्याआधीची सुमारे चाळीस वर्षे या माणसाने तालुक्यांचे हिशेब मांडण्यात, कालव्याच्या पाण्याचा लाभ कोणाला किती होतो हे मोजण्यात आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा माग काढण्यात घालवली होती.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण आणि शालेय शिक्षण नागपुरात गेले. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले आणि तेथे पदव्युत्तर पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ प्रकाशनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. भारताच्या अलीकडच्या काळातील औद्योगिक उत्क्रांतीचा हा इतिहास लिहिला तेव्हा लेखकाचे वय जेमतेम तेवीस होते. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे पन्नास वर्षे निघत राहिल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या.

या पुस्तकाचे वेगळेपण त्याच्या विषयापेक्षा त्याच्या दृष्टीत होते. इंग्रजी राज्याने देशी कारागिरी बुडवली, हे सूत्र त्या काळी सर्वांच्या तोंडी होते. गाडगीळांनी ते नाकारले नाही. पण बुडण्याची प्रक्रिया नेमकी कशी घडली, हे धंद्याधंद्यात शिरून पाहिले. देशी संस्थानांचे दरबार लयाला गेले तशी शहरी कारागिरांची मोठी गिऱ्हाइके गेली. नव्या सुशिक्षित वर्गाच्या आवडी पालटल्या. त्यावर यंत्रमालाची स्पर्धा येऊन आदळली. खेड्यातल्या सुताराची आणि लोहाराची कथा याहून निराळी होती, विणकराची आणखी निराळी. कापसाची तेजी, रेल्वे, १८७६ नंतरचे आणि शतकाच्या अखेरचे दुष्काळ यांचे परिणाम त्यांनी शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या बाजूने तपासले. एका मोठ्या कारणापाशी न थांबता ते ठिकठिकाणी तपासायचे, ही सवय या तरुण वयातच पक्की झालेली दिसते. पुढे ती त्यांना उपयोगी पडली आणि अडचणीचीही ठरली.

भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले आणि १९२५ मध्ये सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. तेथे ते पाच वर्षे होते. १९३० मध्ये सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाकडे सोपवलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना झाली. अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. राज्यशास्त्राचा समावेश संस्थेच्या नावातच होता आणि तो नावापुरता नव्हता. काळे यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या व्याख्यानमालेत १९३९ च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर व्याख्यान दिले, एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

पुण्यासारख्या व्याख्यानांच्या आणि वादसभांच्या शहरात गाडगीळांनी संस्थेला जे वळण लावले, ते त्या काळी अनोखे होते. १९३३ मध्ये संस्थेने पुण्यातील फळांच्या बाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची पाहणी आली. मोटार गाड्या रेल्वेचे उतारू पळवतात म्हणून तक्रारी चालू असण्याचे ते दिवस. पाठोपाठ वाई तालुक्यातील शेतीच्या हिशेबांचा अभ्यास झाला आणि पुणे शहराची विस्तृत सामाजिक व आर्थिक पाहणीही हाती घेतली गेली. फळवाल्याची अडत, शेतकऱ्याचा बैलावरचा खर्च, वाड्यातल्या खोलीचे भाडे हे विषय त्या काळच्या विद्वज्जनांना किरकोळ वाटण्याजोगे होते. मात्र शेतीविषयी अथवा शहराविषयी सरकारने काय करावे, हे सांगायचे तर आधी ही माहिती कोणीतरी गोळा करायला हवी, आणि सरकारी दप्तरात ती नाही, असे गाडगीळांचे मत होते. अन्वेषक दारोदार आणि बांधोबांध पाठवायचे, प्रश्नावली आधी पडताळून घ्यायच्या, आकडे तक्त्यात बसवायचे आणि तक्ता सांगतो त्यापलीकडे एक शब्दही जास्त लिहायचा नाही, ही संस्थेची शिस्त होती. या अहवालांची भाषा कमालीची कोरडी आहे. ती वाचताना कंटाळा येतो हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की देशात नंतर जो नमुना पाहण्यांचा प्रघात पडला त्याच्या आरंभकाळातील कामांत या कोरड्या पुस्तकांचे स्थान महत्त्वाचे आहे.

या साऱ्या पाहण्यांत सर्वांत दूरगामी ठरली ती गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची. ती समजून घ्यायची तर नगर जिल्ह्याचे (आजच्या अहिल्यानगरचे) त्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते. दारणा आणि भंडारदरा येथील धरणांचे पाणी पाटांनी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात आले, ते मुळात दुष्काळ निवारणाचा उपाय म्हणून. परंतु जिरायत शेतकरी हे पाणी नियमित घेईना, कारण पाऊस बरा झाला की त्याला पाणीपट्टी नकोशी वाटे. बारमाही पाणी उसाने घेतले. १९३२ मध्ये साखर धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि खासगी साखर कंपन्यांचा या भागातला पसारा वाढला. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे ऊसमळे केले. ज्यांच्या जमिनी हाताशी राहिल्या, ते बागाईतदार गूळ करत आणि गुळाचा भाव पडला की सावकाराच्या वहीत जात.

सरकारच्या लेखी कालव्याचा हिशेब सरळ होता. बांधायला एवढा खर्च आला, पाणीपट्टी एवढी जमा झाली, व्याज सुटत नाही, सबब कालवा तोट्यात. गाडगीळांनी हा हिशेबच अपुरा ठरवला. त्यांनी कालव्याखालची गावे आणि तशाच प्रकारची कोरडवाहू गावे यांची तुलना केली. पिकांचे उत्पन्न किती वाढले, मजुरांना किती दिवस जास्त काम मिळाले, बाजारपेठा, वाहतूक, कारखाने यांतून किती उलाढाल झाली, सरकारला इतर करांतून किती मिळाले, हे सारे त्यांनी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ म्हणून मांडले. हा अहवाल १९४८ मध्ये छापला गेला. धरणाची किंमत आणि समाजाला होणारा लाभ यांचा ताळा मांडण्याचा भारतातील हा अगदी सुरुवातीचा पद्धतशीर प्रयत्न होता. अप्रत्यक्ष लाभ मोजण्याची ही वाट पुढे कोणताही प्रकल्प फायदेशीर दाखवण्यासाठी सर्रास वापरली गेली, हा भाग वेगळा. गाडगीळांच्या पुस्तकात तरी आकड्यामागे गावे होती.

याच पट्ट्याने त्यांना अभ्यासिकेबाहेर ओढले. शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न त्यांनी सरकारसाठी आधीच हाताळला होता. शेतीच्या अर्थपुरवठ्यासाठी नेमलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या समितीने १९४५ मध्ये असे सुचवले होते, की जुनी कर्जे कायद्याने तडजोड करून फेडण्याच्या आवाक्यात आणावीत, आणि जिथे सहकारी पतसंस्था दुबळ्या आहेत तिथे प्रांतांनी शेती पतमहामंडळे उभारावीत. म्हणजे सहकार हा तोवर त्यांच्या श्रद्धेचा विषय नव्हता. ज्या यंत्रणेकडून काम होईल ती यंत्रणा, असा त्यांचा रोख होता. सहकाराचे खंदे पुरस्कर्ते त्यांच्या या शिफारशीवर खूश नव्हते आणि पाठोपाठ नेमलेल्या सरैया समितीने महामंडळांऐवजी सहकारी संस्थांनाच कौल दिला.

बागाईतदारांशी बोलताना मात्र गाडगीळांना दुसरे काही दिसत होते. उसाची किंमत ठरवायची ताकद कारखानदाराकडे होती, कारण ऊस तोडल्यावर तो फार दिवस टिकत नाही आणि दूरवर वाहून नेता येत नाही. तेव्हा कारखानाच उत्पादकांच्या मालकीचा असल्याशिवाय भावाचा प्रश्न सुटणार नाही. हे शास्त्र त्यांनी मांडले. पण त्यासाठी गावोगाव फिरून, एकेका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून भागभांडवल जमवले ते लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. फारसे शालेय शिक्षण न झालेला हा शेतकरी आणि केंब्रिजचा पदवीधर यांची जोडी महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातील एक विलक्षण घटना आहे. मुंबई प्रांताचे तत्कालीन अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ त्यांना होते. ३१ डिसेंबर १९५० रोजी प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पहिल्या दशकात गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष होते, विखे पाटील उपाध्यक्ष.

अध्यक्षपद शोभेचे नव्हते. सभासदाने किती भाग घ्यायचे, त्या बदल्यात किती उसाची नोंद करायची, ऊसबिलातून ठेव म्हणून किती कपात करायची, सरकारी भागभांडवल आणि वित्त महामंडळाचे कर्ज कधी फेडायचे, हे प्रश्न सभेत सोडवावे लागत. भाग कितीही असोत, मत एकच, हा सहकाराचा नियम. उत्पादकांना ऊसबिलातून कपात करून घेऊन कारखान्याचा मालक होण्यास राजी करणे हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसलेले काम होते. ते जमले तेव्हा त्याचे अनुकरण होण्यास वेळ लागला नाही. कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी असे करत हे लोण पश्चिम महाराष्ट्रभर पसरले. १९६१ मध्ये पंडित नेहरू प्रवरानगरला आले तेव्हा हा एका कारखान्याचा विषय राहिला नव्हता.

त्याचे पुढे काय झाले हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. साखर कारखाना हे ग्रामीण राजकारणाचे पीठ बनले, ‘सहकारसम्राट’ हा शब्द वृत्तपत्रांनी घडवला, आणि दुष्काळाशी लढण्यासाठी आणलेले पाणी उसाने किती प्यावे हा वाद आजही मिटलेला नाही. याचा बोल गाडगीळांना लावणे अन्यायाचे होईल. तरीही एक प्रश्न उरतो. ज्याची जमीन कालव्याखाली नाही आणि ज्याला जमीनच नाही, त्याला या सहकारात जागा कोणती? ऊस उत्पादकांच्या संस्थेने ऊस उत्पादकांचे हित पाहिले, यात आश्चर्य नाही. मालकी वाटून घेतली की सत्ताही वाटली जाईल, या अपेक्षेत त्या पिढीच्या सर्वच सहकारवाद्यांनी गावातल्या जमिनीच्या विषम वाटणीला पुरेसे वजन दिले नव्हते.

कर्जाच्या प्रश्नाकडे ते पुन्हा वळले ते रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीमुळे. अ. द. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील चौघांच्या समितीचे गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे आणि १ लाख २७ हजारांवर कुटुंबे एवढा या पाहणीचा आवाका. १९५४ मध्ये आलेल्या अहवालातील एक आकडा सहकारी चळवळीला हादरवणारा होता. अर्धशतकाच्या प्रचारानंतर शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता ३.१ टक्के. सरकारी तगाई ३.३ टक्के, व्यापारी बँका एक टक्क्याहूनही कमी. सावकार आणि सावकारी करणारे बडे शेतकरी मिळून सुमारे ७० टक्के.

समितीने यावर केलेली मीमांसा गाडगीळांच्या विचाराच्या अगदी जवळची आहे. पतपेढीचा चिटणीस अप्रामाणिक, सभासद अडाणी, अशी नेहमीची कारणे देऊन ती थांबली नाही. गावातला सावकार हाच धान्याचा व्यापारी असतो, त्याला शहरातल्या पेढीचा आधार असतो आणि तहसील कचेरीत त्याचे वजन असते. अशा साखळीपुढे दुबळ्यांनी दुबळ्यांना एकत्र करून काढलेली पतपेढी टिकणार नाही. तिच्या मागे राज्यसंस्थेने भागीदार म्हणून उभे राहिले पाहिजे आणि कर्ज, खरेदी-विक्री, गोदाम या तिन्ही गोष्टी एकमेकांना जोडल्या पाहिजेत. याच अहवालाच्या शिफारशीवरून इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँकेत झाले आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. सरकारी भागीदारीचा दुसरा परिणामही झाला. सरकारचे भांडवल आले तसे सरकारनियुक्त संचालक आले, निबंधकाची सत्ता वाढली आणि संस्थेच्या निवडणुकीला आमदारकीच्या निवडणुकीचा रंग चढला. सावकाराच्या विळख्यातून सुटण्यासाठी राज्यसंस्थेचा हात धरावा, तर तो हात सोडायचा कधी, याचे उत्तर अहवालाने दिले होते. भांडवल हळूहळू परत करावे, असे. प्रत्यक्षात ते फार थोड्यांनी केले.

याच काळात ते अन्य आघाड्यांवरही होते. महायुद्धाच्या टंचाईत त्यांनी भावनियंत्रण आणि शिधावाटपाचा आग्रह धरला. १९४७ मध्ये गोरवालांसमवेत ते वस्तू किंमत मंडळावर होते. वर्षअखेरीस सरकारने नियंत्रणे उठवली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा लावावी लागली. १९४९ मध्ये महालनोबीस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासह ते राष्ट्रीय उत्पन्न समितीवर नेमले गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नात शंकरराव देवांच्या नेतृत्वाखालील परिषदेला आर्थिक युक्तिवाद पुरवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. नागपुरात वाढलेल्या आणि पुण्यात कार्य केलेल्या या विद्वानाला विदर्भाच्या शंका परक्या नव्हत्या. साठच्या दशकाच्या मध्यास त्यांनी श्रमिकांमधील स्त्रियांच्या स्थानावर एक छोटी पुस्तिका लिहिली. शेतावर आणि घरी स्त्री करते त्या कामाची नोंद जनगणनेत कशी निसटते, हा त्या काळी दुर्लक्षित असलेला प्रश्न आहे.

संस्थेत त्यांच्याभोवती जी मंडळी जमली त्यांत नी. वि. सोवनी, वि. म. दांडेकर, कुमुदिनी दांडेकर, नीळकंठ रथ ही नावे ठळक आहेत. संचालकाच्या मताशी सहमत असणे ही तेथे नोकरीची अट नव्हती. दांडेकरांचे आणि गाडगीळांचे अनेक प्रश्नांवर मतभेद होते आणि तरी १९६६ मध्ये संचालकपद दांडेकरांकडेच आले. परिसरशास्त्रात जगभर नाव मिळवलेले माधव गाडगीळ हे धनंजयरावांचे पुत्र. क्षेत्रात जाऊन, स्थानिक माणसाला विचारून मग शास्त्र लिहायचे, ही पद्धत त्यांनी घरीच पाहिली असली पाहिजे.

नियोजनाचे गाडगीळ समर्थक होते, पण नियोजन आयोगाचे चाहते नव्हते. मोठे उद्योग, गुंतवणुकीचे प्रचंड आकडे आणि वाढीचा दर यांत गुंगलेल्या आयोगाने भाव, वेतन, उत्पन्नाची मर्यादा, मालाचे वाटप यांविषयी कसलेही निश्चित धोरण आखलेले नाही, हा त्यांचा आक्षेप दुसऱ्या योजनेपासून कायम होता. १९६७ च्या आरंभी त्यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच धोरणाच्या चौकटीविना चाललेले नियोजन, अशा आशयाचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना आयोगाचे उपाध्यक्ष नेमले. टीकाकाराला खुर्चीवर बसवण्याची ही सरकारी युक्ती होती की खरोखरीची निकड, याबद्दल मतभेद संभवतात. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभेचे सदस्यत्व सोडून सहासष्टाव्या वर्षी ते दिल्लीला गेले.

काळ कठीण होता. लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला होता, १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते, चौथी योजना लांबणीवर टाकून वार्षिक योजनांवर काम चालले होते आणि १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांतून काँग्रेसची सत्ता गेली होती. तोवर केंद्राचे योजना साह्य योजनानिहाय, निरनिराळ्या प्रमाणांत आणि वाटाघाटींनी ठरे. ज्याचे दिल्लीत वजन, त्याला पैसा, असा राज्यांचा संशय होता आणि आता दिल्लीतले व राज्यातले सरकार वेगळ्या पक्षाचे असल्याने तो संशय राजकीय बनला. गाडगीळांनी मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून एक सूत्र सर्वमान्य केले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी बाजूला काढायच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार, १० टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांनुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. साह्याचा ३० टक्के भाग अनुदान, ७० टक्के कर्ज. १९६९ पासून चौथ्या योजनेत ते लागू झाले.

यात पांडित्य काहीच नाही, आणि तेच त्याचे बळ. कोणत्याही मुख्यमंत्र्याला आपल्या राज्याचा हिस्सा कागदावर मांडून पाहता येत होता. गरीब राज्यांना अवघे १० टक्के राखणारे सूत्र विषमता कशी हटवणार, ही टीका झाली आणि ती रास्त होती. १९८० मध्ये प्रकल्पांचे १० टक्के काढून मागास राज्यांचा हिस्सा दुप्पट केला गेला, १९९१ मध्ये आणखी फेरफार झाले. पण वाटणी नियमाने व्हावी, मर्जीने नव्हे, हा मुद्दा कोणी मागे घेतला नाही. त्याच पद्धतीने १९६९ मध्ये बँकांच्या सामाजिक जबाबदारीवरील अभ्यासगटाचे प्रमुख म्हणून त्यांनी प्रत्येक जिल्ह्याची पतविषयक जबाबदारी एका बँकेकडे देण्याची कल्पना मांडली. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला तेव्हा काही महिनेच झाले होते. नरिमन समितीने ती कल्पना उचलून धरली आणि त्याच डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. जिल्ह्याची पतयोजना आखणारी बँकांची बैठक आजही त्याच व्यवस्थेने भरते. जिल्हा हाच नियोजनाचा पाया असावा, हे गाडगीळांनी काळे व्याख्यानात मांडले होते. आयोगाने १९६९ मध्ये जिल्हा योजनांसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली खरी, पण जिल्हा नियोजन समित्यांना घटनेत स्थान मिळायला १९९२ च्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली.

मूळ आक्षेपाचे काय झाले? भाव, उत्पन्न, वाटप यांच्या धोरणाची चौकट चौथ्या योजनेत आली का? धान्याच्या राखीव साठ्याचा आणि स्थैर्याचा आग्रह योजनेत होता. त्यापलीकडे फारसे काही बदलले नाही. आयोगाकडे सल्ला होता, अधिकार अर्थखात्याकडे होते आणि १९६९ नंतर दिल्लीतील निर्णय पंतप्रधानांच्या राजकीय गरजेनुसार वेगाने होऊ लागले. समित्या, आकडे, सहमती अशा संथ वाटेने जाणाऱ्या माणसाला त्या वातावरणात जागा उरली नव्हती. १९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास बाहेर आला. आयोगाच्या धोरणावर कठोर कटाक्ष टाकणारे हे लेखन गाडगीळांच्याच संस्थेत घडलेल्या दोघांचे होते, हे विसरता येत नाही. त्याच मार्चमध्ये इंदिरा गांधींनी लोकसभेची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकली. आयोगाची पुनर्रचना झाली, उपाध्यक्षपदी सी. सुब्रमण्यम आले आणि गाडगीळ पदावरून दूर झाले.

दिल्लीचे बिऱ्हाड आवरून ते पुण्याकडे निघाले, परंतु पोचले नाहीत. ३ मे १९७१ रोजी परतीच्या प्रवासात, रेल्वेतच त्यांचे निधन झाले. वय सत्तर वर्षांचे होते. गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. नियोजन आयोग २०१४ च्या अखेरीपर्यंत होता आणि १ जानेवारी २०१५ रोजी त्याची जागा नीती आयोगाने घेतली. त्याच सुमारास, चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशी लागू झाल्यावर, राज्यांना सूत्रानुसार दिले जाणारे योजना साह्यही थांबले.